तीन फुटांची हरकत

माणसं मोजायचं काम बसून करता येतं, एवढाच काय तो त्याचा गुण. बाकी जीव रमावा असं त्यात काही नाही. हातात मोजणीचं छोटं यंत्र घ्यायचं, रस्त्याकडे बघत बसायचं आणि फुटपाथवरून कुणी गेलं की अंगठा दाबायचा. खरं तर हे तिचं काम नव्हतंच. ती नगररचना खात्यात नियोजनकार होती. पदानं मोठी, पगारानं बेताची आणि त्या सकाळी मनानं पार शिणलेली. मोजणीला नेमलेल्या दोघांनी ऐन वेळी दांडी मारली म्हणून ती स्वतःच एका बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसली होती.

पाऊस पडत होता म्हणावं तर पडत नव्हता, नाही म्हणावं तर कपडे दमट होत होते. समोर तो रस्ता पसरला होता. एकेकाळी शहरातला सगळ्यात मोठा, सगळ्यात दिमाखाचा रस्ता. मग शहराबाहेरून बायपास निघाला, गाड्या तिकडे वळल्या, गाड्यांमागून गिऱ्हाईक गेलं. आता निम्मी शटर खाली होती, पाट्यांचा रंग उडाला होता, आणि फुटपाथची एकेक फरशी अशी डुगडुगायची की पाय ठेवला की खालचं घाण पाणी थेट पोटरीवर उडायचं.

या रस्त्याला पुन्हा उभं करायचं, वीस वर्षांत, चार टप्प्यांत, असं खात्यानं ठरवलं होतं. तिच्या नोकरीतला याच रस्त्याचा हा तिसरा आराखडा. पहिला तिनं नवी नवी असताना जीव ओतून केला. तो कपाटात गेला. दुसरा निम्मा जीव ओतून केला. तोही कपाटात गेला. तिसऱ्याच्या वेळी जीव जरा राखूनच ठेवायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

एक माणूस भिजत समोरून गेला. तिनं अंगठा दाबला. थोड्या वेळानं तोच छत्री घेऊन परतला. तिनं पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा मात्र तो तिच्यापाशी येऊन थांबला आणि छत्री तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला.

"माझे किती झाले?" त्यानं विचारलं.

"तुमचे कसले?"

"मघापासून बघतोय. मी गेलो की तुमचा अंगठा हलतो. मी एकटाच आहे हो. उगाच तुमच्या साहेबांना वाटायचं, इथं गर्दी झालीय."

एरवी ती चिडली असती. पण चिडायलाही अंगात बळ लागतं. तिनं सरळ नियम सांगितला, की आम्ही माणसं मोजत नाही, फेऱ्या मोजतो.

"मग बरं झालं," तो गंभीरपणे म्हणाला. "आज दिवसभर फेऱ्या मारतो. तेवढीच रस्त्याची पत वाढेल."

ती हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. आणि तेवढ्यात दोन बायका मोजायच्या राहून गेल्या.

त्याचं चष्म्याचं दुकान तिथून जवळच होतं. सगळा रस्ता त्याला चष्मेवाला म्हणूनच ओळखे. दुकान रुंदीला बेताचं, आत मात्र बोळासारखं लांबट. पुढे काउंटरवर त्याचे वडील अप्पा फ्रेमा पुसत बसलेले, आणि मागच्या अर्ध्या भागात डोळे तपासायची अंधारी खोली. परगावची चांगली नोकरी सोडून तो आईच्या आजारपणात परत आला, आणि आई गेल्यावर अप्पांसाठी राहिला. एक लग्न ठरत आलं होतं, पण मुलीनं रस्ता बघितला आणि तिच्या घरून नकार आला. हे त्यानंच तिला सांगितलं, दुसऱ्याच्या गावची बातमी सांगावी तसं.

तिला सर्वेक्षणासाठी त्या रस्त्यावर यावंच लागे. कधी दिवे मोजायला, कधी बसथांबे बघायला. पण कुठूनही सुरुवात केली तरी पाय शेवटी चष्म्याच्या दुकानाशी येऊन थांबायचे. अप्पा तिच्यासाठी न विचारता खुर्ची पुसायचे. घरी वहिनीनं दोनदा विचारलं, की एवढ्या पडक्या रस्त्यावरून येतेस आणि चेहरा असा कसा उजळलेला असतो? तिनं उन्हाचं निमित्त पुढे केलं. त्या आठवड्यात ऊन पडलं नव्हतं.

एकदा तिनं नकाशा काउंटरवर उघडला आणि वाचायला हात लांब करून धरला. तो बघत राहिला.

"अजून थोडा लांब धरलात तर नकाशा रस्ता ओलांडून जाईल," तो म्हणाला. "चला आत. डोळे बघू."

आत अंधार होता. जागा कमी म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगलेला आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात बघून वाचायचं, म्हणजे अंतर दुप्पट होतं. त्यानं तिच्या नाकावर ती जडशी तपासणीची फ्रेम ठेवली आणि एकेक काच बदलू लागला. हे बरं, की हे? आता? आणि आता? तो इतका जवळ उभा होता, की त्याच्या सदऱ्याला लागलेला पावसाचा वास तिला येत होता. दुसरी काच चांगली होती हे तिला कधीच कळलं होतं. तरी ती म्हणत राहिली — परत एकदा दाखवा... नीट कळलं नाही.

"लांबचं तुम्हाला छान दिसतं," तो अखेर म्हणाला. "जवळचं धूसर व्हायला लागलंय. चाळिशी लागली."

"अजून एक वर्ष आहे चाळिशीला."

"डोळे वर्षं मोजत नाहीत."

"कामच तसलं आहे माझं," ती म्हणाली. "वीस वर्षांनंतर काय दिसेल ते सांगायचा पगार मिळतो."

"आणि आज काय दिसतंय ते?"

"ते कुणी विचारत नाही."

त्यानं हलकेच फ्रेम काढली. काढताना त्याची बोटं तिच्या कानाला लागली, आणि एक क्षणभर उगाच तिथेच राहिली. तो हात काढूच नये असं तिला वाटलं. इतकं स्पष्ट वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली.

पण सगळं सुरळीत चाललं तर ती गोष्ट कसली. पावसाळा सरला आणि आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. बसथांब्यांसाठी आणि झाडांसाठी फुटपाथ रुंद करायचा होता, म्हणून एका बाजूच्या दुकानांचा पुढचा तीन फुटांचा पट्टा जात होता. ती रेषा तिनंच आखली होती, त्याची ओळख होण्याच्या कितीतरी आधी. चष्म्याचं दुकान त्याच ओळीत होतं. पुढचे तीन फूट गेले, की काउंटर मागे सरकणार आणि तपासणीची खोली तेवढी आखडणार. मग आरसा लावूनही अंतर पुरणार नाही. डोळे तपासता येत नाहीत ते दुकान नुसत्या फ्रेमा विकून या रस्त्यावर किती दिवस तग धरणार?

त्यानं रीतसर हरकत नोंदवली. आणि तिच्या खात्याची रीत अशी, की हरकत घेणाऱ्याच्या दारात नियोजनकारानं सुनावणी होईतो पाऊल टाकायचं नाही. हे सांगायला ती गेली ती दुकानाबाहेर, फुटपाथवरच उभी राहिली.

"म्हणजे चहालासुद्धा नाही?" त्यानं विचारलं.

"चहाला तर नाहीच."

"मग हरकत मागे घेतो. तीन फुटांचं काय एवढं."

तो सहज बोलून गेला, पण तो खरोखर मागे घेईल हे तिला दिसलं. अप्पांची उभी हयात त्या खोलीत गेली होती. ती जवळजवळ भांडलीच त्याच्याशी. माझ्यासाठी असलं काही करू नका, केलंत तर आयुष्यात तुमच्याशी बोलणार नाही, असं तिनं बजावलं.

"आत्ता तरी कुठं बोलणार आहात," तो म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच मिश्किलपणा नव्हता.

पुढचे दिवस फार वाईट गेले. प्रत्येक हरकतीवर साहेबांसमोर तिला आपलं मत द्यायचं होतं. ती सकाळी संगणकावर ती रेषा उघडायची आणि त्या दुकानापाशी जराशी वाकवायची. वाकवायला कारणंही चांगली सापडायची. मग शेजारचा शिंपी आठवायचा, पलीकडचा खिळे-मोळेवाला आठवायचा. त्यांचेही तीन फूट जात होते, त्यांच्या दुकानात बसून ती कधी चहा प्यायली नव्हती. दुपारी ती रेषा पुन्हा सरळ करायची. आणि मग वाटायचं, आपण स्वच्छ दिसावं म्हणून त्याच्या पोटावर पाय देतोय. रेषा तीच, पण आपण ती डोक्यानं आखतोय की मनानं, हेच तिला उमजेनासं झालं. अशा मनानं दिलेलं मत कुठल्याही बाजूचं असलं तरी खोटंच पडणार होतं.

सुटकेचा एक मार्ग होता, पण त्याची किंमत जबर होती. साहेबांचा दंडक असा, की जो एका हरकतीतून अंग काढतो त्यानं सगळ्या आराखड्यातूनच बाजूला व्हायचं. आपल्या सोयीचं तेवढं निवडायचं नाही. आणि नेमका हा आराखडा कपाटात जाणार नव्हता. पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली होती, रोपं सांगून झाली होती. इतक्या वर्षांत तिच्या हातचं पहिलंच काही खरं होणार होतं. जीव राखून ठेवायचं ठरवूनसुद्धा तो कधी त्यात गुंतला, तिला कळलंच नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात पंखे गरगरत होते आणि माणसं पेंगत होती. एकाला दारात गाड्या लावायला जागा हवी होती पण बसथांबा नको होता. दुसऱ्याला बसथांबा हवा होता पण तिथे उतारू उभे राहायला नको होते. साहेब सगळ्यांचं शांतपणे ऐकत, मग तिच्याकडे वळत, आणि ती आपलं मत सांगे. मग त्याचा नंबर आला. तो अप्पांना हाताला धरून पुढे आला आणि आरशाची अडचण मोजक्या शब्दांत मांडून मोकळा झाला. तिच्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

"बोला," साहेब तिला म्हणाले.

ती उभी राहिली.

"साहेब, या हरकतीवर मला मत देता येणार नाही."

"का? अभ्यास राहिला का?"

"अभ्यास फार झालाय. पण या दुकानदारांच्या बाबतीत माझं मन तटस्थ नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काही जुनं भांडण वगैरे?"

"भांडण असतं तर सोपं गेलं असतं," ती म्हणाली. आता मागे फिरायला जागा नव्हती. "मला... मला ते आवडतात."

पेंगणारं सभागृह खडबडून जागं झालं. अप्पांना कानानं कमी ऐकू यायचं. ते मुलाची बाही ओढून काय म्हणाल्या, काय म्हणाल्या असं विचारू लागले. तो लालबुंद होऊन उभा होता. नंतर सांगतो, एवढंच त्याला कसंबसं म्हणता आलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आवाज खाली आणून, एरवी ते कधी बोलत नसत तसं बोलले. "रस्ता सोडावा लागेल तुम्हाला. सगळा."

"माहीत आहे."

"ह्या वेळी तो होणार आहे."

"तेही माहीत आहे, साहेब."

साहेबांनी तसं नोंदवून घेतलं. त्या हरकतीची, आणि उरलेल्या सगळ्या हरकतींची सुनावणी दुसऱ्या नियोजनकारापुढे होईल असं जाहीर केलं. तिनं फायली गोळा केल्या आणि ती बाहेर पडली.

व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्यावर ती बसली, आणि फायली शेजारी ठेवून तिनं डोळ्यांना पदर लावला. रडू त्याच्यासाठी नव्हतं. ते रस्त्यासाठी होतं. दोन आराखडे मेले तेव्हा ती रडली नव्हती. जगणारा हातातून सुटला तेव्हा मात्र तिला आवरलं नाही. इतकं थकल्यासारखं तिला कधीच वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं तो आला, मागून काठी टेकत अप्पा. सुनावणी थांबल्यामुळे बाहेर निघालेली माणसं घुटमळत उभी होतीच. कुणी चप्पल शोधत होतं, कुणी शोधल्यासारखं करत होतं.

"हे काय करून बसलात," तो हळू म्हणाला.

"ते तीन फूट तुम्हाला मिळतीलच असं नाही," तिनं डोळे पुसत सांगितलं. "आता जे येतील ते फार कडक आहेत. कदाचित दुकान जाईल. मी काहीच करू शकणार नाही."

"मी ते विचारत नाही."

"मग काय विचारताय?"

तो काही बोलणार एवढ्यात अप्पांनी पुन्हा त्याची बाही ओढली. आता त्यांना दम नव्हता. तो वाकला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, "त्या म्हणाल्या, मी त्यांना आवडतो."

अप्पांनी मान हलवली. "ते मला केव्हाचं माहीत आहे. तू काय म्हणालास?"

"मी अजून काही म्हणालो नाही."

"मग म्हण की. बाई अख्खा रस्ता सोडून बसल्यात, आणि तू उभाच?"

तो तिच्याकडे वळला. हळू बोलून अप्पांना ऐकू गेलं नसतं, आणि मोठ्यानं बोलायचं तर सगळा व्हरांडा कान देऊन उभा होता. त्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग मोठ्यानंच सांगितलं, की त्या पहिल्या दिवशी बाहेर त्याचं काहीएक काम नव्हतं, कुठं जायचंही नव्हतं. पायरीवर एक दमलेली बाई बसलेली दिसली आणि तिच्यासमोरून जावंसं वाटलं, म्हणून तो गेला. दुकान राहो नाहीतर जावो, तिला चालणार असेल तर त्याला आता आयुष्यभर तिच्याच दिशेनं जायचं आहे.

चप्पल शोधणाऱ्यांनी शोधणं सोडून दिलं.

"मी फार दमलेय हो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"मग बसूया," तो म्हणाला.

तिनं शेजारच्या फायली उचलून खाली जमिनीवर ठेवल्या आणि त्याला बाकावर जागा करून दिली.