सातवी खूण

ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलेली आहे.

रविवार. दुपारचे तीन. वाचनालयाच्या माडीवरची खोली. खिडक्या सताड उघड्या, ऊन टेबलापर्यंत आलेलं.

वहिनी प्रोग्रॅमर. नवजात बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट आणि सगळ्यांना खुलं. कोणीही उघडून बघावं, सुधारावं. पण लिहिणारे ढीगभर, तपासणारं कोणी नाही. म्हणून तिने माणसं गोळा केली. कोड कागदावर छापायचा, टेबलाभोवती बसून वाचायचा, पटला की समासात पेन्सिलने बरोबरची खूण.

न वाचता खूण करायची नाही.

हा नियम मास्तरांचा. गणिताचे निवृत्त शिक्षक. त्या रविवारच्या आठ महिने आधी ते वारले. त्यांची खुर्ची तशीच होती.

सोमवारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दवाखान्यांत जायची होती. वहिनीच्या धाकट्या बहिणीचं नऊ दिवसांचं बाळ दवाखान्यात त्याच यंत्रावर होतं.

वहिनी धरून माणसं सहा. वाचन संपलं. वहिनी खुणा मोजू लागली...

पान १. सात.

पान २. सात.

सातवी लांब शेपटीची, खाली ठिपका.

मास्तरांची.

"दाढी, हा आगाऊपणा तुझा ना?" वहिनीने गटातल्या दाढीवाल्या पोराला विचारलं; सगळे त्याला दाढीच म्हणत, आणि तिला वहिनी.

"वहिनी, मला माझी सही दोनदा सारखी जमत नाही. मास्तरांची खूण कुठून काढू?"

वहिनीने एकेकाच्या बोटांकडे पाहिलं. मग पेन्सिलींकडे. सगळे एकमेकांकडे तसंच बघत होते.

पान ४०. सात.

पान ४१...

सहा.

मास्तरांची नव्हती. त्या पानाच्या वेळी बहिणीचा फोन आला होता. बाहेरून परत आल्यावर तिने घाईत खूण केली होती. न वाचता. हे कोणालाच माहीत नव्हतं.

टक. टक.

टेबलावर पेन्सिल आपटल्यासारखं. चूक दिसली की मास्तर असंच करायचे.

आवाज रिकाम्या खुर्चीकडून आला होता...

"हे पान मी वाचलेलं नाही," वहिनी हळूच म्हणाली.

पुन्हा वाचलं. सापडलं. वीज जाऊन आली, की यंत्राचा धोक्याचा भोंगा मुका राहणार होता.

"आम्ही पाच जण वाचून गेलो," दाढी म्हणाला. "दिसलं कसं नाही?"

दुरुस्ती झाली. पान नव्याने छापलं. सगळ्यांनी वाचलं. सहा खुणा. गठ्ठा कपाटात, किल्ली वहिनीच्या पर्समध्ये.

सोमवारी सकाळी आवृत्ती गेली. मग वहिनी गठ्ठा आणायला वाचनालयात आली. कपाट उघडलं.

पान ४१. सात.

तिचा जीव भांड्यात पडला. खुर्चीवर टेकून ती बाकीची पानं सहज चाळू लागली.

पान १०. सात.

पान ११. सात.

पान १२...

सहा.

काल तिथे सातवी होती. तिने स्वतः मोजली होती. आता तेवढीच जागा खोडलेली. समासात रबराचा चुरा.

फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, तुझं नवीन बसवलं गं बाळाच्या यंत्रावर. आता जरा डोळा लागेल माझा."

"झोपू नकोस. मी निघालेय. तोवर बाळावरून नजर हलवू नकोस."

त्या दिवसापासून बाळ घरी येईपर्यंत दोघी बहिणी पाळीपाळीने जाग्या राहिल्या.

वहिनीचा भाचा आता दोन वर्षांचा आहे, घर डोक्यावर घेतो. यंत्रं कुठे कुठे चालू आहेत. पान बारा वहिनीने शंभरदा वाचलं, दाढीने वाचलं, परक्यांनी वाचलं. चूक सापडलेली नाही.

सातवी खूणही परत आलेली नाही...