ऐंशीच्या खालचा आवाज

हे खरं घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. पटवून द्यायला माझ्याकडे काही नाही. पण मनात ठेवूनही राहवत नाही.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट, साल १९९५. फैजपूर. श्रावणातल्या भर दुपारी सुरू झालं.

आमच्या ह्यांचा लग्नकार्यात स्पीकर लावायचा धंदा. त्या वर्षी कानबाई देवीच्या मिरवणुकीचं काम मिळालं, म्हणून धुळ्याच्या हिलाल भाऊंकडून एक जुनी बेसची पेटी आणली. माझ्या कमरेएवढी. नुसता जाड आवाज काढणारी. सबवूफर.

देताना हिलाल भाऊ म्हणाले होते, "पेटी एक नंबर शे. मझारनं कापड तेवढं काढू नका."

आवाज घुमू नये म्हणून अशा पेटीच्या आत कापूस नाहीतर जुनं कापड भरतातच. ह्यांनी मनावर घेतलं नाही.

पुढच्या खोलीत जुळवणी सुरू झाली. ऐंशी हर्ट्झच्या वरचा बारीक आवाज सगळा नेहमीच्या दोन्ही स्पीकरना, खालचा जाड पेटीला. मग दोन्हींचा जोर सारखा करायचा.

"जुळलं की पेटी कुठे ठेवलीय ते कानाला कळायला नको," हे सांगायचे. डोळे मिटून नॉब फिरवत बसायचे. माझं बोलणं इतकं मन लावून कधी ऐकलं असेल तर शपथ.

चैताली तेव्हा सहा महिन्यांची. फार रडकी. त्या दुपारी माझ्या खांद्यावर किंचाळत होती. ह्यांनी नुसती पेटी ऐकायची म्हणून स्पीकर बंद केले...

आणि चैताली गप्प झाली.

एकदम.

मान वळवून पेटीकडे बघितलं तिनं. हसली.

"घ्या!" सासूबाई दारातून म्हणाल्या. "आईपेक्षा पेटीची माया लागली पोरीले."

मीही हसले. पण लागलं मला ते.

दुसऱ्या दिवसापासून झोळी पेटीशेजारीच बांधली गेली. घरात सगळे खूश. मी अंगावर पाजायला घ्यायचे, तरी तिची मान तिकडेच.

एका दुपारी हे कामासाठी रावेरला गेलेले. मी मोरीत भांडी घासत होते. पुढच्या खोलीतून आवाज आला...

बाई गुणगुणत होती.

शब्द नव्हते. नुसती चाल. झोळीच्या लयीत.

धावत गेले. खोलीत कुणी नाही. टेपमध्ये कॅसेट नाही. पेटीच्या कागदी पडद्यावर हात ठेवला...

तो थरथरत होता.

मी जळगावला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. बाईचा आवाज ऐंशीच्या खाली उतरत नाही. त्या पेटीतून तो यायलाच नको होता.

पण भीती नंतर वाटली. आधी जळफळाट झाला.

माझ्या लेकीला ही कोण झोपवतेय?

रात्री ह्यांना सांगितलं. "वायर रेडिओ पकडत असेल गं. झोपतेय ना पोरगी? मग तुझं काय जातं?"

"माझंच जातंय," मी म्हणाले.

सकाळी हे बाहेर पडताच मी वायरी सोडवल्या, पेचकस घेतला आणि पेटी उघडली.

आत एक दुपटं होतं. हातानं शिवलेलं, तान्ह्या बाळाचं. इतकं जुनं, पण त्याला दुधाचा वास येत होता...

ताज्या दुधाचा.

मी ते पेटत्या बंबात घातलं. जागेवर माझी जुनी साडी कोंबली, बाळंतपणात नेसायचे ती. ऐकायचंच असेल तर आता माझं ऐक, चैतालीला म्हटलं.

पेटी शांत झाली. चैताली पुन्हा रडायला लागली. मी घेतलं की माझ्या कुशीत निजायची. त्या रडण्याचंसुद्धा मला कौतुक वाटायचं.

मग मला ताप आला. घसा बसला, तोंडून शब्द फुटेना. मी स्वयंपाकघरात पडून होते.

पुढच्या खोलीतून अंगाई ऐकू आली...

या वेळी शब्द होते. माझे शब्द. रोज मीच म्हणायचे ते.

आवाजही माझाच.

अंगणातून सासूबाई ओरडल्या, "सूनबाई, किती गोड म्हणू राहिली आज!"

मी भिंतीला धरून गेले. पेटीच्या वायरी अजून तशाच होत्या. सुटलेल्या. जमिनीवर.

चैतालीनं मला पाहिलं. परकी बाई दिसावी तशी भेदरली. भोकाड पसरून झोळीतून दोन्ही हात पेटीकडे केले.

संध्याकाळीच ती पेटी घराबाहेर काढायला लावली. मुक्ताईनगरच्या एका मंडपवाल्यानं नेली.

चैताली आता दोन वर्षांची आहे. मी स्वयंपाकघरातून हाक मारते, "चैतू, ये गं."

ती पळत पुढच्या खोलीत जाते. पेटी असायची त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर उभी राहते. उचलून घे म्हणून हात वर करते.

"आले, आई."

मी तिच्या मागे उभी असते.