फळीपलीकडची चुंबकं

आमच्या प्रयोगशाळेच्या लाकडी फळीच्या भिंतीपलीकडे कुणीतरी शीळ घालत होतं, आणि माझ्या मऊ जेलच्या पट्टीत काळ्या रेघा पडल्या होत्या – त्याच फळीच्या दिशेने. मी तरातरा पलीकडे गेले. तिथे बाकावर एक जण मांडीवर स्पीकर घेऊन दुरुस्त करत बसला होता. फळीला टेकवून जुन्या स्पीकरांची चुंबकं रचलेली.

"तुमच्या चुंबकांनी माझी पट्टी बिघडवली."

"मी तर जागचा हललोही नाही," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. बोटभर लांबीची ती पट्टी. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे चुंबकीय कण कालवलेले. चुंबक जवळ नेलं की कणांनी तिला ओढून उचलायचं. सहा महिने ती ढिम्म होती. शुक्रवारी हलली नाही तर माझं संशोधन बंद, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं.

त्याने चुंबकं हलवली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला आला, हातात एक चुंबक तसंच. टेबलावर ती रेघांची पट्टी पडली होती. ती हळूच... उठली.

"मला बघून उठली वाटतं," तो कुजबुजला.

मी पट्टी उजेडात धरून पाहिली. जेल पातळ असताना त्याच्या चुंबकांनी विखुरलेले कण रांगेत आणले होते, आणि घट्ट होताना जेलने त्या रांगा तशाच धरून ठेवल्या होत्या. आता सगळे कण एकजुटीने ओढत होते.

"ऐका ना... ती चुंबकं परत ठेवाल?"

"काल हाकललंत, आज बोलावताय. किती वेळ थांबू?"

"जेल घट्ट होईपर्यंत. तासभर."

बुधवारी तो तासभर थांबला. गुरुवारी जेल घट्ट झाल्यावरही थांबला. त्याचं थांबणं मला आवडत होतं.

शुक्रवारी मॅडमसमोर पट्टी उठली. त्यांनी ती पुन्हा उठवायला लावली, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आवरेना. तशीच पलीकडे गेले.

"आभार मानायला आलात?" त्याने विचारलं.

"निघाले होते त्यासाठीच. पण आभार मानले की माणूस मोकळा होतो... आणि मला तुमच्यापासून मोकळं व्हायचं नाहीये. जन्मभर तुमच्या ऋणात राहिले तर चालेल?"

त्याचे कान लाल झाले. "मला फारसं बोलता येत नाही," तो म्हणाला – चार दिवस अखंड बडबडणारा माणूस! मग तो बाकावर जरा सरकला, आणि मी त्याच्या शेजारी बसले.