सेट उत्तर देत नाही

जामखेडच्या पुढच्या एका दगडखाणीवर मी वायरलेस सेट तपासायला गेले, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ऑफिसचा पत्रा नुसता भाजत होता. मालक राधाकृष्णशेठ यांनी खरचटलेला एक सेट माझ्यापुढे आदळला.

"गोरक्षचा. दीड महिन्यापूर्वी सुरुंगात गेला तो. सुरुंगाचं बटण दाबायच्या आधी मी सेटवर विचारलं, खाली कोन हाय का? उत्तर न्हाई. सेट बंद करून झोपला असंल. तेवढं लिहून द्या, मॅडम."

गोरक्षची बायको कडूबाई दारातच उभी होती. तिच्या तोंडावर हे बोलला माणूस! माझं डोकंच फिरलं.

"कामावर झोपनारा न्हवता माजा नवरा," ती म्हणाली. "उत्तर दिल्तं का त्यांनी, तेवढंच बघा, ताई."

सेटला वायर जोडली आणि लॅपटॉपवर सॉफ्टवेअर लावलं. वीस वर्षांपूर्वीचं, पप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरवर गुमान चालायचं. तो कॉम्प्युटर गेल्या महिन्यात जळाला. पडद्यावर अक्षरं आली : सेट उत्तर देत नाही.

"बघा," शेठ हसले. "मशीनपन तेच सांगतंय."

"खोटं सांगतंय!" मी ओरडलेच. "हे सॉफ्टवेअर ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजतं आणि तेवढीच वाट बघतं. जुन्या कॉम्प्युटरला मोजायला दोन सेकंद लागायचे. ह्या नव्याचं पापणी लवायच्या आत मोजून होतं. सेट बोलायला लागतो तोवर ऐकणाराच पसार! तुम्ही किती थांबला होतात, शेठ?"

शेठ रुमाल शोधायला लागले.

मी पुन्हा विचारणा पाठवली. पडद्यावर तेच. पण जरा वेळानं सेटचा लाल दिवा लागला. सेट बोलत असला की लागतो तो. पुन्हा पाठवली आणि घड्याळ लावलं. अकरा सेकंद. तिसऱ्यांदाही अकरा. एवढा वेळ कुठलाच सेट घेत नाही. अर्ध्या सेकंदात उत्तर येतं, नाहीतर येतच नाही.

मी वायर उपटली. मग बॅटरीही काढली.

शेठनी सेट हिसकावून बटण दाबलं. "कोन हाय रं?"

काहीच नाही. सेट टेबलावर फेकून ते तरातरा बाहेर गेले. जीप सुरू झाली.

दिवा लागला. सेटमधून कुणीतरी धाप टाकत होतं.

कडूबाईनं सेट उचलला. बटण दाबलं.

"अवो, तवा उत्तर दिल्तं का तुमी?"

आम्ही थांबलो.

दिवा लागला.

"दिल्तं," धुळीनं बसलेला आवाज आला. "अजून देतोय."