डॉ. माणिकराव आणि ताशा ऐकणारी भेंडी

"डॉ. माणिकराव घरी आहेत का?" दारात उभ्या राहिलेल्या यंत्रमानवाने अदबीने विचारलं.

ऋजुताने मागे वळून पाहिलं. माणिकराव घरीच होते. आजोबांच्या चपलेत डोकं खुपसून झोपले होते. पण ते डॉक्टर कधी झाले, हे कोडंच होतं. कालपर्यंत तरी ते बोका होते.

"त्यांच्याकडे काय काम होतं?"

"मी 'मंगळ शोधपत्रिके'चा संपादक. (शोधपत्रिका म्हणजे नवे शोध तपासून छापणारं नियतकालिक.) डॉक्टरांनी तुझ्या आजोबांचा निबंध तपासला. जाडजूड निबंध, पण चहा उकळायच्या आत वाचून झाला. अभिप्राय एकाच शब्दाचा, 'अलौकिक!' म्हटलं, अशा विद्वानाचं दर्शन घ्यावं."

आतून आजोबांच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला खोटा होता.

आजोबांचा शोध असा, की भेंडीला रोज ताशा ऐकवला तर तिला निम्मंच पाणी पुरतं. निबंध छापून आला की सोमवारपासून मंगळावरच्या वसाहतीतल्या सगळ्या भाज्यांचं पाणी निम्मं होणार होतं. ताशेवाले ठरलेसुद्धा होते.

"समीक्षक सुचवा म्हणालात, मी सुचवला," आजोबा बाहेर येत म्हणाले. "घरचा आहे. विश्वासातला."

"समीक्षक म्हणजे दुसऱ्याच्या शोधातल्या चुका हुडकणारा जाणकार," संपादकाने ऋजुताला सांगितलं. "तुझ्या अवकाशवेशाची शिवण कोण तपासतं?"

"शेजारच्या रोहिणीकाकू. ज्याने शिवलं त्याने तपासायचं नाही, असा वसाहतीचा नियमच आहे."

"का बरं?"

"आपली शिवण आपल्याला छानच दिसते. मग बाहेर गेल्यावर हवा जाते." ऋजुता थबकली. "आणि माणूसही जातो."

"निबंधाचंही तसंच. माणिकरावांना जेवू कोण घालतं?"

"आजोबा."

"याला म्हणतात हितसंबंध (निकाल एका बाजूने लागला तर आपला फायदा असणं). म्हणून आम्ही निबंध अनोळखी जाणकारांकडे पाठवतो, लेखकाचं नाव झाकून. हे समीक्षक तुझ्या आजोबांनीच सुचवले, आणि मी चौकशी न करता नेमले. ती चूक माझी. बरं, निबंधात आणखी कुठे भोक आहे का?"

आजोबा ऋजुताकडे बघून 'नाही, नाही' अशी मान हलवू लागले. ऋजुताला आठवली भेंडीच्या वाफ्याच्या कोपऱ्यातली वाळून गेलेली रोपं. तिनेच ती खताच्या खड्ड्यात टाकली होती. मग तिला सोमवार आठवला.

"आजोबा, ती मेलेली रोपं निबंधात घातलीत का हो?"

"ती बेसूर होती," आजोबा म्हणाले.

कुणीच हसलं नाही. माणिकराव मात्र उठून निघून गेले.

निबंध परत आला, अनोळखी समीक्षकांकडे गेला. त्यातल्या एकाने उद्धट प्रश्न विचारला, "ताशाशिवाय निम्म्या पाण्यावर भेंडी वाढवून पाहिलीत का?" आजोबा दोन दिवस फुगून बसले. मग त्यांनी ताशा बंद ठेवून प्रयोग केला. कोपऱ्यातली नवी रोपंही वाळली. बाकीची मात्र ताशाशिवायच मजेत वाढली. ऋजुताने वर पाहिलं, तर या वाढलेल्या रोपांवरची पाण्याची नळी गळत होती.

ठरलेला सोमवार उलटून गेला होता, पण भाज्यांना पूर्णच पाणी मिळत होतं. ताशेवाल्यांनी नळी दुरुस्त करायला मदत केली.

नवा निबंध, 'ताशाचा भेंडीवर काहीही परिणाम होत नाही', मेलेल्या रोपांसकट छापून आला.

"म्हणजे मला काहीच सापडलं नाही," आजोबा उदास होऊन म्हणाले.

"असं कसं?" संपादक म्हणाला. "पृथ्वीवर एक बाई वांग्यांसाठी सनईवाला नेमणार होत्या. तुमचा निबंध वाचून थांबल्या."

पुढच्या महिन्यात आजोबांकडेच एक निबंध तपासायला आला, नाव झाकलेला. विषय होता, 'मांजरं खरोखर हुशार असतात का?' आजोबांनी तो न वाचताच परत पाठवला. कारण लिहिलं, "क्षमस्व. एक बोका माझ्याकडे राहतो."