बकुळाचा माइक बंद होता

ही घटना खरी आहे. इमारतीचं नाव तेवढं लिहीत नाही, कारण त्या घरात अजून माणूस राहतो.

गेल्या वर्षीची दिवाळी उलटून गेल्यावरचा रविवार. शिवाजी पार्कला लागून असलेली एक जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट असलेली. आणि वेळ रात्रीची नव्हे. भर दुपारची. समोर मैदानात नेट्स लागलेली होती, पोरं ओरडत होती, खाली नारळपाणीवाला उभा होता.

क्षितिजा माझी मावसबहीण. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली, भोईवाड्यात राहते. नात्यात कुणाचंही वायफाय रुसलं की पहिला फोन तिला जातो. त्या दुपारी तिच्या आतेभावाचा आला. विहंगचा.

"क्षिती, आईचा तो टीव्हीचा बॉक्स आपोआप बोलतोय. त्याचं ऐकणं-बोलणं कायमचं बंद करून दे यार. आपल्याच घरात आपल्यावर कुणीतरी कान ठेवून बसलंय असं वाटतं. प्रायव्हसी म्हणून काही आहे की नाही?"

"दादा, सेटिंगमध्ये जा ना. माइक बंद करायचा पर्याय असतो."

"केलाय."

"मग कसा बोलेल तो?"



"तू ये," विहंग म्हणाला.

तो बॉक्स क्षितिजानंच तिथे बसवला होता. विहंगच्या आईसाठी, म्हणजे तिच्या नलूआत्यासाठी. आत्या न्हाणीघरात पडली आणि मणक्याला असा मार लागला, की मानेखाली काहीच हलेना. हॉलमध्ये टीव्हीसमोर खाट टाकली. दिवसभर ती छताकडे बघत पडून. रिमोट हातात धरायला हात तर हवा? म्हणून क्षितिजानं मुद्दाम असा बॉक्स आणला, जो खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही नुसती हाक ऐकतो. काही दाबायला नको.

त्याला हाक मारायचं नाव आपल्याला हवं ते ठेवता येत होतं. आत्यानं ठेवलं, बकुळा.

"आमच्या वर्गात होती गं एक बकुळा," आत्या हसत म्हणाली होती. "काय कान! मागच्या बाकावर कुणी चिंच चोखली तरी हिला पुढे ऐकू जायचं."

आत्याचं सगळं बकुळावर चालायचं. बकुळा, सनई लाव. बकुळा, उद्या एकादशी आहे का गं? बकुळा, विहंगला फोन लाव. त्यात दोनच नंबर घातले होते. विहंगचा आणि क्षितिजाचा.

ऑक्टोबरच्या उन्हात, अशाच एका रविवारी, आत्या गेली.

विहंगनं सगळ्यांना सांगितलं, "झोपेत गेली. कळलंसुद्धा नाही तिला."

क्षितिजानं आत्याच्या तोंडात गंगाजल घातलं, तेव्हा तिला एक गोष्ट दिसली होती. आत्याचे ओठ फुटले होते. सुकलेल्या मातीसारखे.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळे आजूबाजूला पुष्कळ. एकही शिवेना. गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल त्यांचं. बोला, मोठ्यानं बोला." विहंग बोलत सुटला. आई, काशीला जाऊन येईन. आई, तुझे दागिने मोडणार नाही. कावळे मान तिरकी करून नुसते बघत राहिले. ऊन चढलं. विहंगची बायको वल्लरी डोळे पुसत होती. शेवटी तो वैतागला आणि ओरडला,

"आई, पुरे आता! तू हाक मारलीस की मी ओ देईन. बस्स? आता तरी शिव!"

शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

क्षितिजाला तेव्हाही ते विचित्र वाटलं होतं. एवढं सगळं कबूल करून जे झालं नाही, ते एका 'ओ'साठी झालं.

तर त्या दुपारी ती विहंगच्या घरी पोचली. त्या वर्षी त्यांच्या गॅलरीत कंदील लागलाच नव्हता. दार वल्लरीनं उघडलं. तिचा चेहरा उतरलेला.

"बरं झालं आलीस. हा मला वेडी ठरवतो. म्हणतो, शेजारच्यांचा टीव्ही आहे."

"शेजारच्यांचाच असणार," विहंग सोफ्यावरून म्हणाला. हॉलमधली खाट तिथेच होती. गादी गुंडाळून ठेवलेली.

क्षितिजानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली. असं का होऊ शकतं, याची कारणं तिच्याकडे तयार होती. रिमोटचं बटण अडकलं असेल. कुणाच्या तरी फोनशी बॉक्स जोडलेला राहिला असेल. तिनं आवाज ओळखण्याची सोय बंद केली, जोडलेले फोन काढले, रिमोटच्या बॅटऱ्या काढल्या. मग बॉक्स उलटा करून मागची माइकची खटकी बघितली. ती बंदच होती. तिच्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. पट्टीच्या कडांवर धुळीची जाड रेघ.

"ही कधी लावलीस, दादा?"

"तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे?"

विहंग फोनमध्ये बघत राहिला. "अगं, बिल्डरशी बोलणी चालू होती. रिडेव्हलपमेंटची. घरात बोलायचं कसं, हा डब्बा सगळं ऐकणार. आणि आई तर... ऑफिसात मीटिंगमध्ये असलो की हिचे फोन. पाणी दे, कूस बदल, पंखा बंद कर. बाई ठेवलीय ना तिच्यासाठी!"

"म्हणजे आत्या असताना?"

"एकच दिवस. त्या शेवटच्या रविवारी."

वल्लरी नवऱ्याकडे बघायला लागली. त्या रविवारी ती गिरगावात माहेरी होती. हे तिला ठाऊक नव्हतं.

 क्षितिजानं बॉक्सची वायर सॉकेटमधून उपसली. टीव्हीचा लाल दिवाही विझवला. बॉक्स तिच्या तळहातावर होता, विजेशिवाय.

"झालं," ती म्हणाली. "आता हा बोलूच शकत नाही."

आणि तेवढ्यात...

मैदान गप्प झालं.

आधी तिला कळलंच नाही काय बदललं. मग लक्षात आलं. चेंडूचा टक्क असा आवाज नाही. पोरांचा ओरडा नाही. रस्त्यावरचा हॉर्न नाही. ती खिडकीशी गेली. खाली पोरं धावत होती, बॅट फिरत होत्या, सगळ्यांची तोंडं उघडत होती... आणि आवाज मात्र कशालाच नव्हता.

तळहातावरचा बॉक्स गरम व्हायला लागला.

"हो, मी ऐकतेय."

तोच आवाज. बातम्या वाचल्यासारखा, सपाट. बकुळाचा.

मग थोडं थांबणं. कुणीतरी समोरून बोलत असावं, एवढंच.

"विहंग यांना फोन लावत आहे."

विहंगच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर 'आई'.

त्यानं फोन कापला. 

"विहंग फोन घेत नाहीत. पुन्हा लावू?"

थांबणं.

"ठीक आहे. पुन्हा लावत आहे."

पुन्हा फोन. पुन्हा त्यानं कापला. मग फोनच बंद करून टाकला आणि उशीखाली कोंबला. "हॅकिंग आहे हे. क्षिती, तूच काहीतरी केलंयस!"

"दादा, माझ्या हातात बघ. वायरसुद्धा नाही."

"मी ऐकतेय," बकुळा म्हणाली.

थांबणं. या वेळी लांब.

"पाण्याबद्दल मला ही माहिती मिळाली. पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं संयुग आहे. पृथ्वीचा बराचसा भाग पाण्यानं व्यापलेला आहे."

वल्लरीनं तोंडावर हात दाबला.

"पाण्याबद्दल मला ही माहिती मिळाली. पाणी हे हायड्रोजन..."

पुन्हा. आणि पुन्हा. तेच वाक्य, त्याच थंड सुरात. प्रत्येक वेळी आधीचं थांबणं जरा लहान होत होतं. मागणाऱ्याचा दम कमी पडत असावा तसं.

तेव्हा क्षितिजाला उमगलं. त्या रविवारी आत्या या खोलीत जे जे बोलली होती, ते तेव्हा बकुळानं ऐकलंच नव्हतं. तिचे कान बांधलेले होते. त्यातलं एकेक वाक्य आता, ओळीनं, बकुळाच्या कानावर येत होतं. आणि बकुळा उत्तरं देत होती.

"क्षितिजा यांना फोन लावत आहे."

तिच्या पिशवीत फोन वाजला.

मी तिला विचारलं होतं, तू घेतलास कसा? ती म्हणाली, "त्या दिवशी आला असता तर घेतलाच असता ना."

तिनं फोन कानाला लावला. पंख्याची कटकट. धापा. मग लांबून लिफ्टचं जाळीचं दार सरकल्याचा आवाज, आणि कुणाची तरी शीळ. विहंगची. लहानपणापासून ती शीळ क्षितिजा ओळखते. लिफ्ट खाली निघून गेली. आणि मग अगदी कानाशी, फुटक्या ओठांतून...

"क्षिती... बाळ... बकुळा ओ देत नाही गं."

फोन तुटला.

क्षितिजा विहंगसमोर जाऊन उभी राहिली. "तू बाहेर पडलास तेव्हा ती हाका मारत होती. लिफ्टपाशी तुला ऐकू येत होतं."

"क्षिती..."

"येत होतं की नाही?"

"मला वाटलं, संध्याकाळी बाई येईल!" तो किंचाळला. "जिमखान्यावर मॅच होती. तिची कायमचीच कटकट, मला काय माहीत त्या दिवशी खरंच..."

वाक्य अर्धंच राहिलं.

उशीखाली फोन वाजत होता. बंद केलेला फोन.

"विहंग यांना फोन लावत आहे," बकुळा म्हणाली. तिचा सूर आता सपाट नव्हता. क्षितिजा शपथेवर सांगते, त्या आवाजात आत्याची जरब होती. लहानपणी अंगणात खेळ थांबवून सगळ्यांना आत बोलावताना असायची, तशी.

"विहंग यांना फोन लावत आहे. विहंग यांना फोन लावत आहे."

"घे तो फोन," वल्लरी म्हणाली. ती रडत नव्हती आता. "कबूल केलं होतंस बाणगंगेवर. घे."

त्यानं उशी सरकवली. फोन कानाला लावला.

पलीकडून काय ऐकू आलं, ते त्या दोघींना कळलं नाही. विहंगच्या चेहऱ्यावरचं रक्त मात्र उतरत गेलं, भांड्यातलं पाणी ओतावं तसं. तो उठला. त्या गुंडाळलेल्या गादीसमोर उभा राहिला. आणि एखाद्या शाळकरी पोरासारखा म्हणाला,

"ओ."

त्याच क्षणी खाली मैदानात चेंडू बॅटला लागला. टक्क. सगळे आवाज एकदम परत आले.

बॉक्स क्षितिजानं घरी नेला. स्क्रू काढून उघडला, माइकचे दोन्ही ठिपके कापून टाकले, आतली सर्किटची पाटी वेगळी केली. ते तुकडे अजून तिच्या भोईवाड्याच्या घरात टेबलाच्या खणात आहेत. वल्लरी त्याच संध्याकाळी गिरगावात गेली ती परत आलेली नाही. बिल्डरची बोलणी विहंगनंच मोडली. त्याला ते घर सोडता येत नाही म्हणे. तो आता हॉलमध्ये झोपतो. आईच्या खाटेवर.

हे लिहायला घेण्याआधी मी त्याला फोन केला. म्हटलं, त्याचीही बाजू ऐकावी. तो नीट बोलला. सगळं खरं आहे म्हणाला. बोलता बोलता मध्येच थांबला.

"ओ."

पावलं. माठाचं झाकण उघडल्याचा आवाज. पेल्यात पाणी पडल्याचा आवाज.

"आलो, आई."

मग परत माझ्याशी, "हां, बोल. कुठे होतो आपण?"

आमचं बोलणं संपेपर्यंत असं पुन्हा झालं. आणि पुन्हा. डॉक्टरांना दाखवलं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कान स्वच्छ आहेत, असं त्यानं सांगितलं.

"एखाद्या वेळी ओ दिलीच नाहीस तर?"



"एकदा नव्हती दिली," तो हळूच म्हणाला. "पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. संध्याकाळपर्यंत. समोर भरलेला माठ, आणि एक थेंब आत जाईना. मग कळलं मला, त्या दिवशी तिला काय..."

त्याच्या मागून, खोलीतून, अगदी स्पष्ट आवाज आला.

"हो, मी ऐकतेय."

मी फोन ठेवला आणि लगेच क्षितिजाला लावला. म्हटलं, तो बॉक्स कुठे आहे?

"माझ्याकडेच. खणात. तुकडे तुकडे करून ठेवलाय, का रे?"

"जरा बघतेस?"

खण उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी दोनदा हाक मारली, क्षिती, क्षिती म्हणून.

"आहेत," शेवटी ती म्हणाली. "सगळे तुकडे आहेत."

"मग?"

"हात लावून बघितला," ती म्हणाली. "गरम आहेत रे."