दाजींचा कौल

रसिकाताई, विज्ञान दिनाच्या भाषणाला माझं नाव नका घालू. विषय तुम्ही छान दिलात, ‘धर्म आणि विज्ञान यांचं भांडण का दिसतं’. दोन वर्षांपूर्वी मी यावर तासभर बोलले असते आणि टाळ्याही घेतल्या असत्या. आता जमणार नाही. का ते सांगते. बसा जरा. मुलं गेलीत, स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नाही.

त्या दिवशी मी साधी फुलं आणायला गेले होते. नवघर रोडच्या कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून झेंडू घेतला. तो म्हणाला, “मॅडम, हार भी ले जाओ.” मी म्हटलं, “हार नको भैया, सिर्फ दो पंखुड़ी का काम है.” तो हसला. मीही हसले.

आमच्या दाजींना तुम्ही पाहिलंय, माझे सासरे. रत्नागिरीकडचे गुरव. इथे खारी गावात स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं भांडी चमकवली, पण गावच्या देवळातला एक दगड सोबत आणला होता, हाताच्या पंजाएवढा काळा. नातेवाईक अजूनही त्यांच्याकडे कौल लावायला यायचे. दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

काचबिंदूने दाजींची नजर गेली. उजेड-अंधार एवढंच कळायचं. मग पाकळ्या मी लावायला लागले आणि कुठली पडली तेही मीच सांगायचे. आठवीला विज्ञान शिकवणारी बाई घरी देवाचं उत्तर वाचून दाखवतेय! जितेश, माझा नवरा, मला चिडवायचा, “काय गुरवीणबाई, आज देव काय बोलला?” मीही त्याला ऐकवायचे, पाणी वाळलं की पाकळी पडते, त्यात देव कुठे आला? दाजींना ते ऐकू जायचं. ते एवढंच म्हणायचे, “पडेल ती सांग, संचिता. तुला पाहिजे ती नको सांगू.”

मग जितेशच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. चौतिसाव्या वर्षी माणूस जिना चढताना मध्ये दोनदा बसायला लागला. आई, म्हणजे आशाबाई, माझ्या सासूबाई, त्यांची किडनी जुळली. त्या आनंदाने तयार होत्या. पण कागदांवर नवऱ्याची संमती लागत होती आणि दाजी म्हणाले, “कौल मिळाला तर सही करेन.” दुसरा दाता नव्हता. यादीत नंबर लागेपर्यंत जितेश टिकणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव झेंडूच्या पाकळीवर आला होता. मला राग आला होता, रसिकाताई. देवाचा नाही, दाजींचाही नाही. त्या वाट बघण्याचा राग.

म्हणून मी लबाडी केली. शाळेच्या प्रयोगपेटीतला डिंक घरी नेला.

दुपारी दोनची वेळ. आई जितेशला घेऊन डायलिसिसला गेलेल्या. कौल लावताना वारा नको, म्हणून दाजींनी पंखा बंद करायला लावला, खिडक्या लावायला लावल्या. ओहोटी होती बहुतेक. लावलेल्या खिडक्यांतूनही खाडीच्या चिखलाचा वास आत येत होता. खाली पाण्याचा पंप चालू होता, त्याची घरघर भिंतीतून जाणवायची. मी डाव्या पाकळीला मागून डिंक लावला, घट्ट दाबली. उजवीला नुसतं पाण्याचं बोट. दहा मिनिटांत ती वाळून पडणार, याची मला शंभर टक्के खात्री.

दाजींनी हात जोडले. “बा महाराजा… आईचं पोराला द्यायचं म्हणतोय… दोघं सुखरूप घरी येतील असं असेल तर उजवा दे…”

मी म्हटलं, “होय महाराजा.”

खालचा पंप बंद झाला. घर एकदम रिकामं वाटायला लागलं. चिखलाचा वास वाढला, इतका की कुणीतरी ओले पाय घेऊन खोलीत आलंय असं वाटलं. मी मागे वळून पाहिलं. दार लावलेलं होतं. परत दगडाकडे पाहिलं, तेवढ्यात डावी पाकळी पडली.

ओघळली नाही की हळूहळू सुटली नाही. कुणी नखाने काढून टाकावी तशी पडली. माझ्या पायाशी. मागे डिंकाचं पापुद्र्यासारखं साल होतं, एवढ्यात पार वाळलेलं. उजवी, नुसत्या पाण्यावरची, जागच्या जागी.

“पडली?” दाजींनी विचारलं.

“हो…”

“कुठली?”

आठवीच्या वहीवर मी लाल शाईने लिहिते, जे दिसलं तेच लिहा, उत्तर जुळवू नका. दाजीही तेच सांगत आलेले. भांडण का दिसतं म्हणून विचारता ना? त्या खोलीत तरी काही भांडण नव्हतं. दोघांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि ती मी दोघांनाही दिली नाही.

“उजवी,” मी म्हटलं.

दाजींनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, “घसा सुकलाय. पाणी आण.” मी पायाशी पडलेली पाकळी उचलली, मुठीत धरून स्वयंपाकघरात गेले आणि बेसिनमध्ये नळ सोडून वाहवून टाकली. पाणी घेऊन आले, पण दगडाकडे मान वर करून पाहवलं नाही. संध्याकाळी आईंनी नेहमीसारखे देव पुसले. दुसऱ्या दिवशी दाजींनी सही केली.

ऑपरेशन उत्तम झालं. जितेशला पहिल्याच दिवशी लघवी झाली, आम्ही वॉर्डात पेढे वाटले. चौथ्या दिवशी आई बाथरूमकडे चालताना खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. फुप्फुसात रक्ताची गाठ. डॉक्टर म्हणाले, हजारांत एखाद्याला होतं, कुणाची चूक नाही. ते खरंच बोलत होते. मला आकडेवारी कळते. तरी गेलं वर्षभर मी रात्री उजव्या कुशीवर झोपू शकलेले नाही.

परवा आईंचं वर्षश्राद्ध झालं. जितेश पान ठेवायला गच्चीवर गेला होता. आता तो जिना न थांबता चढतो. मला राहवलं नाही. मी दाजींच्या पायाशी बसले आणि सांगितलं, “दाजी, त्या दिवशी मी खोटं बोलले. डावी पडली होती. आईंना मी मारलं.”

ते रडतील, मला मारतील, असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“खोटं बोललीस ते तेव्हाच समजलं,” ते म्हणाले. “तुला पाण्याला पाठवलं आणि बोटाने चाचपलं मी. उजवी होती जागेवर.”

“मग बोलला का नाहीत?”

“माझा पण पोरगाच ना तो…” त्यांचा आवाज फाटला. आंधळ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “मला पण तेच ऐकायचं होतं, बाय.”

आम्ही दोघं रडलो. खरं सांगते, वर्षभरात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. मग दाजी डोळे पुसत म्हणाले, “पण तू डावी पडली असं का म्हणतेस?”

“पडली, दाजी. मी उचलली. माझ्या हातात होती.”

“न्हाय गं.” ते मान हलवत राहिले. “डावी पण होती. मी दोन्ही चाचपल्या. देव काहीच बोलला नव्हता त्या दिवशी…”

मी दोनच पाकळ्या लावल्या होत्या. खाली कुणीतरी पंप चालू केला. दाजी उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होते, बोटाला काही लागलं असावं तसे.

“उजवी नुसती ओली होती,” ते हळूच म्हणाले. “डावीला बोट चिकटलं माझं… तू काय लावलं होतंस तिला?”

डिंकाचं मी त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.